जोडसुट्टीत रत्नागिरीला नातेवाइकांकडे जाताना: पहिल्या फोनपासून परतीच्या गाडीपर्यंत

जोडून सुट्टी आली की रत्नागिरीतल्या आमच्यासारख्या घरांचे फोन वाजायला लागतात. "गाडीत बसलोय, पहाटे पोचू" हा त्यातला नेहमीचा फोन. पाहुणे आलेले आम्हाला हवेच असतात, पण त्यांचा क्रम उलटा असतो. आधी बघायच्या ठिकाणांची यादी होते, मग तिकिटं निघतात आणि ज्यांच्याकडे उतरायचं त्यांना सगळ्यात शेवटी कळवलं जातं. मग रविवारी घरात सुरमई आणून ठेवलेली असते आणि पाहुणे जयगडला गेलेले असतात. वाळूत खेळायला म्हणून मुलांना नेतात, तर ऐन भरतीत वाळूच शिल्लक नसते. थिबा राजवाडा सोमवारसाठी राखून ठेवतात आणि फाटकावरून परत येतात.

खालचा क्रम मुंबई-पुण्याहून शनिवार ते सोमवार येणाऱ्या कुटुंबासाठी आहे. तुमचे वार वेगळे असतील तर दिवस बदला, टप्पे मात्र याच क्रमाने घ्या.

१. पहिला फोन, तोही योग्य माणसाला

तारीख पक्की करायच्या आधी फोन करायचा, केल्यानंतर नाही. आणि काका-मामाला नव्हे, काकूला किंवा मामीला करायचा. काका "या की, विचारता काय" एवढंच म्हणणार. गाद्या किती आहेत, सिलिंडर कधी संपतोय, सासूबाईंचं पथ्य काय आहे, हे घर चालवणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं.

फोनवर "आम्ही येतोय" असं सांगू नका, "त्या दिवसांत तुमचं काय आहे?" असं विचारा. काही गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात, कारण त्या आपणहून कोणी सांगत नाही.

शिमग्यात शहरातली बरीच घरं बंद असतात, सगळे पालखीसाठी गावी गेलेले असतात. तुम्हालाही गावीच यायचं असेल तर प्रश्न नाही, पण मग ती शहराची सहल राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ज्यांची कलमं आहेत त्यांच्याकडे आंब्याची काढणी आणि पेट्या भरणं चालू असतं. त्या दिवसांत घरातल्या माणसाला जेवायला बसायची उसंत नसते, तो तुम्हाला किल्ला कुठून दाखवणार? मे महिन्यात पाण्याची ओढही असू शकते. सहा माणसं जास्त आली की टाकी किती पुरेल, हे विचारण्यात कमीपणा नाही. घरात सोयर-सुतक असेल तर देवळांचा बेत बदलतो, तेही आधी कळलेलं बरं. गौरी-गणपतीत यायचं ते गणपतीसाठीच. त्या दिवसांत ठिकाणं बघायचा बेत धरूच नये.

याच फोनवर आपण नक्की किती जण येणार ते सांगून टाका. "आम्ही चौघं" म्हणायचं आणि ऐनवेळी मेहुण्याचं कुटुंब बरोबर आणायचं, हे करू नका. जागा कमी आहे असा जराही सूर लागला तर जवळच्या लॉजवर खोली घ्या आणि जेवायला घरी जा. त्याचा राग येत नाही. न सांगता लॉजवर उतरलात तर मात्र येतो.

तपासा: फोन संपताना तुम्हाला तीन उत्तरं मिळालेली असावीत. कोणत्या दिवशी घरी जेवायचं, कोणत्या दिवशी बाहेर राहिलं तर चालेल, आणि घरात उपास-वार कोणते.

२. वार आणि मासे

हा टप्पा छोटा आहे, पण सगळा बेत यावर उभा राहतो. पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. शिवाय संकष्टी, एकादशी आणि श्रावण. म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी असेल तर माशांचा दिवस एकच, रविवार. रविवारची दुपार घरासाठी राखून ठेवा, त्या दिवशी लांब जाऊ नका. घर शाकाहारी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांच्या उसळीची दुपार राखून ठेवा. ती गमावणं जास्त वाईट.

जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत येऊन "ताजं पापलेट नाही का?" असं विचारू नये.

३. तिकीट: परतीचं आधी

रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अजून कित्येक जण त्याच हिशोबात असतात. जोडसुट्टीच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात. यायचं तिकीट काढायच्या आधी परतीचं काढा. येताना एसटी, खासगी बस, कोणाची तरी गाडी असं काहीतरी जमून जातं. परतीच्या संध्याकाळी मात्र सगळं कोकण एकाच दिशेला निघालेलं असतं.

मुंबईहून पहाटे निघायचं असेल तर जनशताब्दी, तेजस, वंदे भारत आहेत, त्यानंतर सकाळची मांडवी. रात्रीच्या दोन ओळखीच्या गाड्या म्हणजे कोकणकन्या आणि तुतारी. या दोन्हींत तारखेची गोम आहे आणि दर सुट्टीला कोणी ना कोणी तिथे फसतंच.

तुतारी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी ऑफिसातून येऊन, जेवून निघायचं असेल तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. शुक्रवारची काढलीत तर गाडी गुरुवारी रात्रीच गेलेली असते. कोकणकन्या मुंबईहून अकराच्या सुमाराला सुटते, म्हणजे सीएसएमटी किंवा दादरला बसणाऱ्याला शुक्रवारची तारीख. पण पनवेलला ती पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणून पनवेलला चढणाऱ्याने शनिवार धरायचा. एकाच गाडीने जाणाऱ्या दोन भावांच्या तिकिटांवर दोन वेगळ्या तारखा असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

सावधान: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि काहींचे दिवसही कमी होतात. १५ ऑगस्टच्या सुट्टीला येणाऱ्यांनी जानेवारीतल्या वेळा धरू नयेत.

तात्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला खिडकी उघडते. ऑनलाइन काढणाऱ्याचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ती जोडणी आठवडाभर आधी करून ठेवा, दहाला पाच कमी असताना नव्हे.

पुणेकरांना रेल्वेची सोय नाही म्हटली तरी चालेल. एसटी किंवा स्वतःची गाडी, कराड-चिपळूणमार्गे कुंभार्ली घाटाने किंवा कोल्हापूरच्या बाजूने आंबा घाटाने. पावसात निघताना घाट चालू आहे का ते त्याच दिवशी विचारा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. आजीचं आधार कार्ड पिशवीत वर ठेवा, बॅगेच्या तळाला नको.

४. भरतीचा हिशोब

वेळापत्रक करताना बहुतेक लोक सूर्यास्त बघतात आणि भरती विसरतात. अंदाजासाठी आमच्याकडे सोपा हिशोब आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

उदाहरणार्थ, शनिवारी पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती आणि सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. रविवारी षष्ठीला भरती साडेचारला, सोमवारी सप्तमीला सव्वापाचला. अशा सुट्टीत संध्याकाळी किनाऱ्यावर वाळू कमी मिळणार. मुलांना सकाळी न्यायचं आणि संध्याकाळ उंचावरच्या जागेला द्यायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उलट होतं. भरती दुपारी बाराच्या आतबाहेर, म्हणून संध्याकाळी लांबच लांब वाळू मिळते. पण तेव्हा उधाण असतं, पाणी येतंही जोरात आणि ओढतंही जोरात.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. बेत आखायला तो पुरेसा आहे. पाण्यात उतरायचं की नाही, हे त्यावरून ठरवू नका.

५. काय न्यायचं

बाकरवडी चालते, चांगला चहा चालतो, आजीला मऊ सुती साडी किंवा शाल चालते. कोकम सरबत, काजू आणि आंबा बर्फी रत्नागिरीला नेऊ नये. हसू नका, लोक आणतात. लहान मुलांचं औषध, टॉवेल आणि चार्जर स्वतःचे आणा. नवीन पाहुण्याला टॉवेल द्यायला म्हणून कपाटातली ठेवणीतली जोडी काढावी लागते. किल्ल्यासाठी धड बूट, किनाऱ्यासाठी वेगळ्या चपला.

६. पहिला दिवस: पोचा, आंघोळ करा, थांबा

रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला बाहेर आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं विचारा, आणि नेहमीचा आकडा काय ते घरच्यांना आधीच विचारून ठेवा. पहाटे कोणी न्यायला येणार असेल तर गाडी चिपळूणला पोचली की त्यांना कळवा. मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे, त्यामुळे गाड्या थांबत-थांबत येतात. वेळापत्रकातल्या वेळेला कोणाला फलाटावर उभं करू नका.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी महामार्ग हातखंब्याला सोडायचा. तिथला उतार जड वाहनांमुळे धोक्याचा आहे. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाने तो अर्धवट झोपेत उतरू नये.

पोचलेल्या सकाळी किल्ला करायचा मोह होतो. तो टाळा. चहा, आंघोळ, घावणे किंवा आंबोळी, मग घरच्यांशी बसून गप्पा. तुम्ही कशासाठी आलात याचा हिशोब घरातली म्हातारी माणसं याच दोन तासांवरून करतात. दुपारी जेवून झोपा. रत्नागिरीत एक ते चार बरीच दुकानंही बंद असतात, बाहेर पडून काही साधत नाही.

संध्याकाळी थिबा पॉइंट. काजळी नदीची खाडी, राजिवडा, भाट्याचा पूल आणि पलीकडे समुद्र असं सगळं एका जागेवरून दिसतं. आजी-आजोबांनाही नेता येतं, चढ नाही. थिबा राजवाडा वेगळा, पॉइंट वेगळा. दोन्ही जवळ आहेत, पण रिक्षावाल्याला नीट सांगा.

तपासा: राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे आणि अशा संग्रहालयांना सोमवारची सुट्टी असते. शनिवारी साडेतीन-चारला निघालात तर आधी राजवाडा आणि मग पॉइंट असं एकाच फेरीत होतं. १९१० साली ब्रह्मदेशाच्या राजासाठी बांधलेली ही वास्तू निवांत बघण्यासारखी आहे, दहा मिनिटांत उरकू नका.

७. दुसरा दिवस: सकाळ शहराची, दुपार घराची

सहा-साडेसहाला बाहेर पडा. रत्नदुर्ग आधी, कारण तिथे सावली कमी आणि उन्हं वर आली की चढ नकोसा होतो. किल्ला घोड्याच्या नालेसारखा पसरलेला आहे, तिन्ही बाजूंना समुद्र. बहुतेक लोक भगवतीचं दर्शन घेऊन परततात आणि दीपगृहाकडची बाजू राहून जाते. दोन्ही करायचं तर दोन तास धरा. पावसाळ्यात तटावर शेवाळं असतं, कडेला जाऊन फोटो काढू नका.

उतरताना मिरकरवाडा बंदर वाटेवरच आहे. मासळी घ्यायची असेल तर इथे. पण काय घ्यायचं ते काकूला फोन करून विचारा आणि मासळी तिथेच कापून, साफ करून घ्या. पाहुण्याने हौसेने आणलेले दोन किलो न सोललेले कोळंबी-बांगडे घरच्या बाईच्या हातात देणं ही भेट नाही, ते काम आहे. बंदरात किंमत विचारून घासाघीस जमत नसेल तर घरातल्या कोणाला तरी बरोबर घ्या.

मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर. दोन्ही शहरातच आहेत, तासाभरात होतात. पतितपावन १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलं, सावरकर इथे स्थानबद्ध होते त्या काळात. बाराच्या आत घरी. साडेबाराला नाही, बाराच्या आत. तळलेला मासा गरम तव्यावरून पानात यायचा असतो आणि तुमच्यासाठी कोणीतरी चुलीपाशी थांबलेलं असतं.

८. घरभेटी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रत्नागिरीत तुमचं एकच घर असतं असं नाही. आत्या शिरगावात, चुलतकाका मारुती मंदिराजवळ, मावशीची मुलगी नाचण्याला. सगळ्यांकडे जायचं ठरवलंत तर कुठलीच भेट धड होत नाही. यादी करा आणि वयाने मोठ्यांपासून सुरुवात करा. आजारी किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी भेटा. धाकटे चुलतभाऊ-बहिणी स्वतः येऊन भेटू शकतात. त्यांना रविवारी संध्याकाळी तुम्ही उतरलात त्या घरीच बोलवा, अर्थात काकूला आधी विचारून, आणि भजी-चहाचा खर्च स्वतः करून.

भेटीची वेळ साडेचार ते साडेसात. दुपारी झोपेच्या वेळी कोणाच्या दारात जाऊ नका. दिवेलागणीला आत जाताय तर देवापुढे क्षणभर उभं राहा आणि मोठ्यांना नमस्कार करा. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवलं की दारात ढकलाढकली होत नाही.

एका संध्याकाळी दोन घरं, फार तर तीन. प्रत्येक घरी काहीतरी खावंच लागतं. म्हणून पहिल्या घरी पोहे खाऊन पोट भरू नका. "थोडंच द्या" म्हणण्यापेक्षा "यातलंच अर्धं चालेल" म्हणून बशीतलं समोरच कमी करून घ्या, ते चालतं. चहा नको असेल तर सरबत मागा. काहीच नको म्हटलंत तर ते मनाला लागतं.

सावधान: जेवणाचं आमंत्रण एका वेळेला एकाच घराचं घ्या. "बघू", "जमलं तर येऊ" हे शब्द वापरू नका. इथे "बघू" म्हणजे हो असं धरून भात टाकतात.

मुक्काम ज्यांच्याकडे आहे त्यांना प्रत्येक संध्याकाळी परतायची वेळ सांगा आणि उशीर होणार असेल तर आठच्या आत फोन करा. आणि एक: त्या घरच्या माणसांना एकदा तरी गाडीत घालून बरोबर न्या. आम्ही इथे राहतो म्हणून रोज समुद्रावर जातो असा गैरसमज आहे. कित्येक बायका पाहुणे आल्यावरच किनारा बघतात, तोही वर्षातून एकदा.

९. तिसरा दिवस: उत्तर किंवा दक्षिण

दोन्ही नाही. उत्तरेला आरे-वारे आणि गणपतीपुळे, दक्षिणेला भाट्ये आणि पावस.

गणपतीपुळ्याला शहरातून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे अशी वाट आहे. सातच्या आत निघालात तर दर्शन, टेकडीची प्रदक्षिणा आणि न्याहारी करून अकरापर्यंत परतता येतं. नऊला निघालात तर गाडी लावायला जागा शोधण्यातच तास जातो. संकष्टी, त्यातही अंगारकी असेल तर सरळ पावस धरा. निघताना मालगुंड आणि जयगडही करू असं गाडीत कोणीतरी म्हणणारच. संध्याकाळची गाडी असेल तर नाही म्हणा.

सावधान: आरे-वारेला पाण्यात उतरू नका. रस्त्यावरून समुद्र शांत दिसतो, पण तिथे आणि गणपतीपुळ्यालाही माणसं बुडाली आहेत. गणपतीपुळ्याला वाळू एकदम खोल उतरते आणि परतणारी लाट पायाखालून ओढते. पावलं भिजवा, मुलांचा हात सोडू नका, जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा वाद घालू नका. जून ते ऑगस्ट समुद्र वरूनच बघायचा.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांतता मिळते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझं मत पावसलाच. वाटेत भाट्याचा किनारा लागतो, ओहोटी असेल तर मुलं तिथे तासभर रमतात.

एसटीने जाणार असाल तर गाडी मुख्य बसस्थानकातून सुटते की रहाटाघरच्या स्थानकातून, हे आदल्या दिवशी विचारा.

१०. खरेदी आणि निघणं

खरेदी शेवटच्या दिवशी ठेवू नका. सोमवारी दुपारी दुकान बंद आणि चारनंतर गाडीची घाई, असं होऊन स्टेशनबाहेर मिळेल ते महाग घ्यावं लागतं. रविवारी घरभेटीला जाताना वाटेत उरका. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आंब्याचं साठं. आमसुलं हाताला मऊ लागली पाहिजेत. कडक आणि मीठ फुललेली नकोत.

आंबा बाजारात उभं राहून घेण्यापेक्षा काकांच्या ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या, आणि त्यांना आठवडाभर आधी सांगा. प्रवासासाठी तयार पण कच्चा आंबा मागा, पेंढ्यात भरलेला. घरी गेल्यावर पेटी तशीच बंद ठेवू नका. उघडून, पेंढ्यावर एका थरात लावा आणि दोन दिवसांनी एकेक हाताळून पिकलेले वेगळे काढा. सुकट-सोडे नेणार असाल तर डबा घट्ट झाकणाचा आणि वर दोन पिशव्या. डब्यातल्या बाकीच्या प्रवाशांचाही विचार करा.

निघायच्या आधी गादी-चादरी घडी करून ठेवा, मुलांच्या हातून आजी-आजोबांना नमस्कार करवा आणि घरातल्या लहान मुलाच्या हातात काहीतरी ठेवा. कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही, कारण तीन दिवस तुमची भांडी त्यांनीच घासलेली असतात.

गाडी कुठवर आली ते मोबाईलवर बघा आणि ती राजापूर रोडला पोचायच्या आतच घर सोडा. उशिराने धावणारी गाडी मधल्या टप्प्यात वेळ भरून काढू शकते, आणि सुट्टीच्या संध्याकाळी कुवारबावच्या रस्त्यावर रिक्षांची रांग लागलेली असते.